मांगरात भरवलेलं चित्रप्रदर्शन : अनुभव आणि दोन प्रश्न

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो आहे, लिहितोय आज पहिल्यांदा. विषय जिव्हाळ्याचा आहे आणि गावात ह्यावर बोलायला माणसं थोडी.

मी मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून लागलो त्याला १९ वर्षं झाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना मुलं बसवायची, चतुर्थीच्या आधी वाडीतल्या दोन-चार घरांत गणपतीमागची भिंत रंगवून द्यायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचे जलरंग. माझं पहिलं प्रदर्शन म्हणाल तर ती भिंतच. आठवीत होतो, आमच्याच घरची भिंत मला मिळाली आणि मी तिच्यावर समुद्र काढला. गणपती होता तोवर आरतीला येणारं प्रत्येक माणूस त्या समुद्राकडे बघत टाळ्या वाजवत होतं.

आई गेली त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत मी २२ चित्रं केली. १७ घराची : पडवी, माजघर, चूल, न्हाणी, मागचं दार. उरलेली ५ किनाऱ्यावरची, आई जिथे रापणीचे मासे घ्यायला जायची तिथली. कुणी सांगितलं म्हणून केलेली नाहीत. घर रिकामं झालं होतं आणि पाऊस थांबत नव्हता.

पावसाळ्यातल्या जलरंगांचा हिशेबच निराळा. मे महिन्यात आकाशाचा वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, अर्ध्यावर आणेपर्यंत वरची कड वाळते आणि तिथे रेघ पडते. जुलैत तोच वॉश दोन-दोन तास ओला राहतो. आधी वैताग यायचा. मग लक्षात आलं, पडवीतला जो अंधूक उजेड मला हवा आहे तो असाच मिळणार. ओल्यात ओला रंग सोडायचा, बोर्ड तिरका करायचा आणि हात मागे घ्यायचा. कडा आपोआप विरतात. पावसाच्या आडोशाला पडवीला बांधतात त्या माडाच्या विणलेल्या झापांच्या फटींतून येणारा उजेड मला उन्हाळ्यात एकदाही जमला नव्हता. एकदा घाईत एक कागद चुलीवरच्या माळ्यावर वाळत ठेवला. दोन दिवसांनी काढला तर धुरानं सगळा पिवळा, चहा सांडल्यासारखा. तो टाकवला नाही. चित्र चुलीचंच होतं.

त्यातली सहा चित्रं मुंबईत एका सामूहिक प्रदर्शनासाठी पाठवली. दोन लागली, चार परत आली. येताना कुरियरवाल्यानं दोन काचा फोडल्या आणि काचेच्या तुकड्यानं न्हाणीच्या चित्राला ओरखडा पडला. आयोजकांनी फोनवर सांगितलं की होड्या आणि सूर्यास्त असतील तर पाठवा, घराच्या आतलं कुणी घेत नाही. लागलेल्या दोनांपैकी होडीचं विकलं गेलं. माजघराच्या चित्रापाशी लोक थांबले, पण "किती शांत वाटतं" म्हणून पुढे गेले. ते चित्र आईच्या तेराव्यानंतरच्या आठवड्यातलं आहे. त्यात शांत असं मला काही दिसत नाही. परतीच्या गाडीत रात्रभर हेच डोक्यात होतं.

मग गेल्या मे महिन्यात, चाकरमानी गावी आलेले असताना, आमचा मांगर, म्हणजे गवत-अवजारं ठेवायची खोपी, रिकामा केला. गवत, नांगर, मोडकी इरली सगळं बाहेर. चिऱ्याच्या भिंतीत खिळा धरेना, जांभ्याचा भुगा होऊन पडतो. म्हणून वाशांना काथ्याची दोरी बांधून चित्रं लोंबती ठेवली आणि खाली सुतळीनं दगडाचा ताण दिला, नाहीतर खाडीच्या वाऱ्यावर ती फिरत राहिली असती. उजेडासाठी चार कौलं काढून काचेची बसवली. पहिल्याच दिवशी उन्हाचा चौकोन सकाळी एका चित्रावर आणि दुपारी दुसऱ्यावर सरकायला लागला. जलरंगावर थेट ऊन घातक. काचेखाली मांजरपाट ताणला आणि सगळ्या मांगरात सारखा दुधी उजेड पसरला. इतक्या चांगल्या उजेडात माझी चित्रं मीसुद्धा कधी पाहिली नव्हती.

चार दिवसांत वहीत १६३ सह्या झाल्या. पण वहीत जे नाही तेच मला इथे सांगायचं आहे.

धाकटी काकी पडवीच्या चित्रासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रे, झाप असो कोण बांधता? वरचो खालच्यावर येवक होयो. ह्या पडवीत सगळां पाणी भितर येतलां." खरंच होतं. मी खालचा झाप वरच्यावर चढवलेला दाखवला होता. दोन पावसाळे त्याच पडवीत बसून रंगवलं आणि हे दिसलं नाही.

किनाऱ्याच्या चित्रासमोर एक म्हातारे रापणकर बराच वेळ उभे होते. चित्रात दोर ओढणारी सात-आठ माणसं आहेत, पाठमोरी, तिरक्या रेषेत. ते म्हणाले, "मास्तरांनू, ओढणारे बरे काडलास. पण पल्याडचे खंय गेले? एका अंगान रापण येवची नाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : रापणीत होडी जाळं अर्धवर्तुळात सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन तुकड्या ते ओढत ओढत एकमेकींकडे सरकतात. मी रचना चांगली दिसावी म्हणून एकच बाजू घेतली होती. त्यांच्या डोळ्यांना निम्मी माणसं गायब दिसली. मी जून महिन्यात दुसरा कागद घेतला आणि पल्याडची तुकडी काढली. आता ही दोन चित्रं चार फुटांच्या अंतरानं लावायची आहेत, मधे रिकामी भिंत.

आता प्रश्न. एक : ह्या पावसात ट्रंकेतल्या तीन चित्रांवर करडे ठिपके आले आहेत, काय करावं? दोन : मुंबईत पुन्हा दाखवायचं मनात आहे. ही चित्रं अशीच, घराच्या आतलीच, न्यावीत का?

सुरंगी

किती मनापासून लिहिलंय. मी सावंतवाडीची.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर हो. घराच्या आतलं कुणी घेत नाही म्हणणाऱ्यांना आमच्या गावचे सावळाराम हळदणकर दाखवा. १८८२चा जन्म, सावंतवाडीचा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली ती हातात दिवा घेतलेली बाई, 'ग्लो ऑफ होप', त्यांनीच केली. कितीतरी लोक ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. ते जलरंग आहे. समोर बसली होती त्यांची स्वतःची मुलगी. घरातली मुलगी आणि एका दिव्याचा उजेड, एवढाच विषय. मी म्हैसूरला जाऊन पाहिलंय. बोटांच्या फटींतून जो लालसर उजेड येतो तो पाहताना मला आमच्या देवघरातली आजी आठवली.

काजरी

झापांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आता आमच्याकडे निळं प्लास्टिक लावतात. त्यातून येणारा उजेड वेगळाच, सगळं घर निळं दिसतं. तेही रंगवा कधीतरी.

एक विचारते : किनाऱ्यावर बसून रंगवताना भरतीची वेळ कशी धरता? मी दोनदा गेले, दोन्ही वेळा ज्या ओल्या वाळूसाठी गेले ती पाण्याखाली.

खाडीकाठ

काजरी, आजोबांनी शिकवलेला हिशेब अजून चालतो. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. थोडं मागेपुढे होतं, पण पॅड घेऊन निघायला पुरतं. मला ओल्या वाळूतली होडीची सावली सकाळच्या उन्हात हवी असते, म्हणून मी तृतीया-चतुर्थीला जातो. एका बैठकीत चित्र झालं नाही तर पुढच्या पक्षातल्या त्याच तिथीला पुन्हा. तेच पाणी, तीच वेळ, ऊन मात्र थोडं सरकलेलं. म्हणून सावल्या पहिल्याच दिवशी पक्क्या करून टाकतो.

निळ्या प्लास्टिकचं लक्षात ठेवलं. खरंच तो रंग कुणी काढलेला नाही.

रंगपेटी

पुण्यात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, कागदावरच्या कामांचं जास्त. ठिपक्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण कोकणातून येणाऱ्या दहांपैकी निम्म्या चित्रांची हीच तक्रार असते.

आधी बुरशी वाळू द्या. ओल्या फडक्यानं पुसू नका, ती कागदात आणखी मुरते. चित्र वाऱ्याच्या पण सावलीच्या जागी आडवं ठेवा. ठिपके कोरडे भुरभुरीत झाले की अंगणात, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशानं हळूच झाडा. तपकिरी डाग उरतील, ते घरी घालवायला जाऊ नका. उन्हात ठेवून बुरशी मरते खरी, पण रंगही जातो.

बुरशी येते कारण कागदाला लावलेलं सरस हे तिचं अन्न. दमट हवेत ठेवलेल्या कोऱ्या कागदाचं हे साइझिंग आतल्या आत कुजतं आणि मग रंग टिपकागदावर पडल्यासारखा फुटतो. पुढचा कागद घेताना पावसाळाभर पुरेल एवढा साठा करू नका. जुन्या कागदाच्या कोपऱ्यावर पाणी फिरवून बघा : गडद ठिपके उठले तर तो कागद सरावासाठी ठेवा.

ट्रंकेत सिलिका जेल ठेवत असाल तर रंग बघत जा. निळे खडे गुलाबी झाले की ते भरले. मंद आचेवर तव्यात गरम केले की पुन्हा निळे होतात.

फ्रेम पावसाळ्यात कधीच करू नका. त्या दिवशी हवेत असेल ती ओल काचेमागे कायमची बंद होते. डिसेंबर-जानेवारीत करा. आम्लविरहित माउंट, काच आणि कागद एकमेकांना टेकता कामा नयेत, मागे एमडीएफ नको, ते फुगतं. चित्र सेलोटेपनं चिकटवू नका. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंतीमागे वारा खेळतो. प्रवासाला काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक, न्हाणीच्या चित्रासारखं होणार नाही.

आणि एक विचारायचं आहे. कुठल्या चित्रात गडद तांबडा आहे का? ट्यूबवर नाव काय आहे?

जुना_गिरगावकर

लिहिलंय सुंदर, पण मला थोडं वेगळं वाटतं, रागावू नका.

गावातली माणसं चित्रात चूक शोधतात, कारण ती चित्रात आपलं घर शोधतात. झाप बरोबर, वल्हं बरोबर, मग चित्र बरोबर. ह्या वाटेनं गेलात तर उत्तम दस्तऐवज होईल, चित्र होईलच असं नाही. तुमच्या मूळ रचनेतली ती एकाच बाजूची तिरकी रेषा, पाठमोरी माणसं, हे मला वाचतानाच दिसलं. ते पूर्ण चित्र होतं. ज्यांना रापण ठाऊक नाही त्यांनाही त्यातली ओढ कळली असती.

दुसरं पोटाचं. मांगरात १६३ सह्या झाल्या, चित्रं किती गेली? मुंबईत हॉलचं भाडं किंवा तीस ते पन्नास टक्के कमिशन जातं, मान्य. पण घेणारा माणूस तिथेच भेटतो. जहांगीर आर्ट गॅलरीसाठी अर्ज आजच करून ठेवा, तिथे तारीख मिळायला वर्षं लागतात. तोवर फूटपाथवर, जहांगीरच्या बाहेर, चित्रं लावणारे कलाकार आहेत त्यांच्याशी बोला. मी माझी पहिली चार चित्रं तिथेच विकली आणि तिथल्या उन्हात उभं राहून जे शिकलो ते वर्गात शिकलो नव्हतो.

मे_महिन्यातली_मी

मी त्या मांगरात आले होते! सासर त्याच पंचक्रोशीतलं.

गिरगावकर, चुका शोधणारे होते हे खरं. पण मी पाहिलं ते असं : चुलीच्या त्या पिवळ्या पडलेल्या चित्रासमोर चार बायका उभ्या होत्या आणि चित्राबद्दल कुणीच बोलत नव्हतं. एक आपल्या सासूच्या भाकरीबद्दल सांगत होती, दुसरी चूल मोडून गॅस आला त्या दिवसाबद्दल. माझ्या सासूबाई घरी कधी माहेरचं बोलत नाहीत. त्या दिवशी मांगरात उभ्या उभ्या अर्धा तास बोलल्या. मुंबईत मी पुष्कळ प्रदर्शनं पाहते. तिथे आपण चित्रासमोर हळू बोलतो, किंवा बोलतच नाही.

पिंगुळीची_वाट

वरचं वाचून राहवलं नाही. चित्रासमोर बोलणं हे आपल्याकडे जुनंच आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. चित्रांची पोथी असते, एक एक कागद समोर धरायचा आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची, की पुढचा कागद. चित्र भिंतीवर गप्प लावून ठेवायची रीतच त्यात नाही. परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती ह्याच कामासाठी. त्यांचं संग्रहालय उभं राहिलं तेही गुरांच्या गोठ्यात. मांगरात प्रदर्शन भरवलंत तेव्हा तुम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या वाटेवर होतात, मास्तर. एकदा मुलांची सहल तिकडे न्या.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. शाळेत चाचण्या होत्या म्हणून उत्तराला उशीर झाला.

गिरगावकर, रागावण्यासारखं काहीच नाही. तुमचा मुद्दा मी आठवडाभर डोक्यात घेऊन हिंडलो. आधी व्यवहाराचं : मांगरात तीन चित्रं गेली, तिन्ही चाकरमान्यांनी घेतली, किंमत मुंबईपेक्षा कमी. माउंट-फ्रेमचा खर्च निघाला, वर थोडे राहिले. ह्यावर घर चालणार नाही हे बरोबर. माझी नोकरी आहे म्हणून मला हे परवडतं, आणि ज्यांचं पोट ह्यावरच आहे त्यांना मी गावातच लावा असं कधी म्हणणार नाही. जहांगीरचा अर्ज भरतो आहे.

पण चुकांबद्दल थोडं सांगतो. मांगरात मला दोन तऱ्हेच्या चुका दाखवल्या गेल्या. झापांची चूक माझ्या न पाहण्याची होती. ते चित्र मी पुन्हा केलं, आणि झाप नीट बांधल्यावर उजेडही वेगळा पडला, वरून खाली उतरत जाणारा. आधीच्या चित्रात तो नुसता फटींतून आलेला होता. काकीनं झाप दुरुस्त केला आणि चित्रातला उजेड सुधारला.

दुसरी वेगळी. मागच्या दाराच्या चित्रात आई तांबडं लुगडं नेसून बसली आहे. तीन जणींनी सांगितलं, "तुज्या आवशीचां असां तांबडां लुगडां नव्हतांच." वहिनी तर म्हणाली, आई त्या दाराशी कधी बसायचीच नाही, तिथे ओल असायची. असेल. मी सहा-सात वर्षांचा असताना ती मला तिथे, त्या रंगात दिसलेली आहे. ते मी बदलणार नाही. बारा जणांनी सांगितलं तरी बदलणार नाही. आधी ह्या दोन चुका मला वेगळ्या करता येत नव्हत्या. कुणी चूक दाखवली की किंवा सगळंच बदलायचो किंवा काहीच नाही. त्या चार दिवसांत, एकेका माणसाला उत्तर देता देता, त्या वेगळ्या झाल्या.

रापणीचं पहिलं चित्र मी हलवलेलं नाही, तुमची तिरकी रेषा तशीच आहे. दुसरं चित्र तिच्यासमोर उभं केलं आहे. ते म्हातारबाबा गणपतीत घरी आले तेव्हा दोन्ही ओटीवर मांडून दाखवली. त्यांनी मधल्या रिकाम्या जागेकडे बोट करून विचारलं, "आणि मासळी हंय येतली मां?" मी हो म्हणालो.

पिंगुळीला नववीच्या मुलांना घेऊन जायचं ठरवलं आहे, दिवाळीनंतर. मुंबईत दाखवेन तेव्हा एक दिवस मी स्वतः एकेका चित्रासमोर उभा राहून सांगणार आहे, लोक हळू बोलत असले तरी.

रंगपेटी

मास्तर, तांबड्या रंगाचं उत्तर राहिलं.

खाडीकाठ

हो, मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. ट्यूब काढून बघितली. अलिझरिन क्रिमझन.

रंगपेटी

हीच भीती होती. जुना अलिझरिन उजेडात फिका होत जातो, पातळ वॉशमध्ये तर लवकरच. ते लुगडं पाच-दहा वर्षांत गुलाबी-करडं होईल. ते चित्र भिंतीवर फार काळ ठेवू नका, आणि पुन्हा करणार असाल तर क्विनॅक्रिडोनमधला तांबडा घ्या किंवा मातीचे रंग. मातीतलं लोह हजारो वर्षं टिकतं, तुमच्याकडे तर अंगणभर आहे.

खाडीकाठ

वाचून रात्री उठून ट्रंक उघडली. शेजारी ठेवलेल्या ट्यूबच्या ताज्या रंगापुढे लुगडं खरंच थोडं उतरलंय, का मला तसं वाटतंय, कळत नाही.

रविवारी विहिरीच्या कडेची तांबडी माती आणली. पाण्यात ढवळून जाड रेती खाली बसू दिली, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं, असं चार वेळा. शेवटी तळाशी जो लोण्यासारखा गाळ राहिला तो वाळवून डिंकाचं पाणी आणि मधाचे थेंब घालून काचेवर घोटला. बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा एक थेंब. रंग सुरेख निघाला आहे, पण लुगड्याचा तो नाही, विटकरीकडे जातो. म्हणून खाली मातीचा थर आणि वर क्विनॅक्रिडोनचा पातळ थर असं करून बघतो आहे. आईच्या मांडीवर जिथे सावली पडते तिथे नुसती माती ठेवली आहे.

एका पट्टीवर तिन्ही रंग लावलेत : जुना अलिझरिन, विहिरीची माती, आणि हा दोन थरांचा. अर्धी पट्टी काळ्या कागदानं झाकून दक्षिणेच्या खिडकीच्या काचेवर चिकटवली आहे. शिमग्याला पालखी घरी येऊन गेली की काळा कागद काढेन आणि इथे लिहीन.